पार्सलाला पत्ता आहे, पोहोचविणाऱ्याचे काय?

(वाशिम जिल्ह्यातील कार्यकर्ते व नागरिक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



पिनकोडची पद्धत आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती बसविणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी होते आणि त्याच वेळी संस्कृतचे कवी व नाटककारही होते. सारा भारत सहा अंकांत मांडण्याची योजना एका मराठी संस्कृत पंडिताच्या हातून आकाराला आली, ही गोष्ट फार थोड्या मराठी घरांना ठाऊक आहे. मानोरा ४४४४०४, मंगरुळपीर ४४४४०३, कारंजा ४४४१०५, वाशिम ४४४५०५. या घटनेला पन्नासहून अधिक वर्षे लोटली. टपालपेटीत पत्रे पडेनाशी झाली, तरी वेलणकरांचे सहा अंक मात्र पूर्वीपेक्षा अधिक राबत आहेत. मोबाईलवरून मागविलेली साडी, स्पर्धा परीक्षेची पुस्तके, फवारणी पंपाचा सुटा भाग, आजोबांच्या गुडघ्याचा पट्टा, हे सारे याच सहा अंकांच्या आधारे तांड्यापर्यंत पोहोचते.

पार्सल कोठे आहे हे ग्राहकाला घरबसल्या कळते. भिवंडीच्या गोदामातून कधी निघाले, कोणत्या केंद्रावर उतरले, आज घरी येणार की उद्या, सर्व काही पडद्यावर दिसते. परंतु ते पार्सल दारात आणून देणारा तरुण कोणाचा नोकर आहे, त्याला महिन्याकाठी काय मिळाले, काल त्याची गाडी घसरून गुडघा फुटला तेव्हा दवाखान्याचे पैसे कोणी भरले, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही पडद्यावर नाहीत. बहुतेक वेळा ती त्याच्या स्वतःजवळही नसतात.

समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण मार्ग पूर्ण झाला. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव येथून त्यावर चढता-उतरता येते. हा रस्ता जिल्ह्याचे भाग्य बदलणारा आहे, यात शंका नाही. मालवाहू गाड्या त्यावरून वेगाने येतात. मात्र या मार्गावर दुचाकीला बंदी आहे आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ती योग्यच आहे. म्हणजे माल समृद्धीवरून येतो, पण माल वाटणारा मुलगा जुन्या रस्त्याने, पांदणीने, पावसाळ्यात नाल्याच्या फरशीवरून जातो. मालाचा प्रवास आधुनिक झाला, माणसाचा प्रवास होता तेथेच राहिला. या प्रवासातील शेवटचे दहा-वीस किलोमीटर सर्वांत अवघड आहेत आणि सर्वांत कमी मोबदल्याचेही तेच आहेत.

हा व्यवहार चालतो कसा, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. वस्तू विकणारी कंपनी माल पोहोचविण्याचे काम बहुधा दुसऱ्या कंपनीला देते. ती कंपनी जिल्ह्यासाठी किंवा काही तालुक्यांसाठी एक स्थानिक कंत्राटदार नेमते. तो तालुक्याच्या गावी एक गाळा भाड्याने घेतो आणि तेथे पाच-दहा मुले जमवितो. काही ठिकाणी त्याच्याही खाली आणखी एक पोटकंत्राटदार असतो. मुलाच्या अंगात ज्या कंपनीचा टी-शर्ट असतो तिच्याशी त्याचा कागदोपत्री संबंध नसतो, आणि ज्याच्याशी संबंध असतो त्याने कागदच दिलेला नसतो. पगार कमी आला म्हणून विचारले तर स्थानिक कंत्राटदार म्हणतो, "वरूनच कापून आलं भाऊ, माह्या हातात काही नाही." वर विचारावे तर तेथे माणूसच नसतो, असतो तो अ‍ॅपमधील एक चौकोन, त्यात तक्रार लिहिली की क्रमांक मिळतो आणि दोन दिवसांनी 'निकाली' असा शेरा येतो.

महाराष्ट्राला ही रचना नवी नाही. ऊसतोडीत तिला मुकादमी म्हणतात. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, दर कारखान्याचा. कोयता मात्र मजुराच्याच हातात. पार्सलच्या धंद्यात कोयत्याच्या जागी मोबाईल आला, एवढाच काय तो फरक.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तालुक्याचा तो कंत्राटदार खलनायकच असतो, असे समजण्याचे कारण नाही. पुष्कळदा तोही आपल्याच गावातला, कर्ज काढून गाळा आणि गाडी घेतलेला तरुण असतो. त्याचा दर वरून ठरतो, त्याचे बिल वरून अडते, हरवलेल्या मालाची वसुली आधी त्याच्याकडून होते. भूमिपुत्राने भूमिपुत्राची गचांडी धरावी आणि हिशेब ठेवणाऱ्याने दूर बसून पाहावे, हे समाजहिताचे नाही. तक्रारींची नोंद करताना त्या कंत्राटदाराचाही हिशेब टिपून घेतला पाहिजे, तो याचसाठी.

आता मिळकतीकडे वळू. मोबदला सामान्यतः पार्सलामागे ठरतो, अंतरामागे नव्हे. शहरातील एका वसाहतीत चार गल्ल्यांत पन्नास पार्सले वाटून होतात. वाशिम जिल्ह्यात तेवढ्याच पार्सलांसाठी आठ-दहा गावे पालथी घालावी लागतात. उदाहरणादाखल पार्सलामागे पंधरा रुपये धरले आणि दिवसाला पन्नास पार्सले वाटली, तर साडेसातशे रुपये झाले. दिवसभरात नव्वद किलोमीटर गाडी फिरली आणि ती लिटरला पंचेचाळीस किलोमीटर देते असे मानले, तर दोन लिटर पेट्रोल गेले. म्हणजे दोनशे रुपये वजा. उरले साडेपाचशे. त्यांतून गाडीचा हप्ता, टायर, ऑइल, मोबाईलचा रिचार्ज आणि दुपारचे खाणे. शिवाय ग्राहक घरी नसला किंवा "आता नको, परत न्या" म्हणाला, तर त्या फेरीचा मोबदला बहुधा मिळतच नाही. पेट्रोल मात्र जळलेले असते. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक केंद्राचे खरे आकडे वेगळे असतील, आणि ते खरे आकडे लिहून काढणे हाच आजच्या विषयाचा गाभा आहे.

कपातींचे प्रकार तर अनेक. रोख रकमेचा भरणा कमी पडला की कपात. मग ती चूक मोजण्याची असो वा बनावट नोटेची. डबा फोडून वस्तू काढून घेतलेले पार्सल परत आले की कपात. 'खोटा प्रयत्न दाखविला' असा शेरा पडला की दंड. त्या गावात मोबाईलला रेंज नव्हती म्हणून नोंद उशिरा गेली, हे ऐकायला कोणी नसते. आणि सर्वांत मोठी भीती असते ती आयडी बंद होण्याची. आयडी बंद झाला की दुसऱ्या दिवसाचे काम तर जातेच. त्याहून वाईट म्हणजे आजवरच्या कामाचा सारा इतिहास त्या अ‍ॅपमध्येच कुलूपबंद होतो. किती पार्सले वाटली, किती पैसे यायचे होते, याचा एकही पुरावा मुलाच्या हाती राहत नाही.

सुरक्षिततेच्या तक्रारी याहून गंभीर आहेत. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भाचे ऊन काय असते, हे येथे सांगावे लागत नाही. पाठीवर पिशवी, पुढे पिशवी, हँडलला पिशवी, अशी लादलेली दुचाकी मुळात असुरक्षित. त्यात रोख रक्कम जवळ बाळगून संध्याकाळी आडरस्त्याने परतणे. कुत्रा चावणे तर इतके नेहमीचे की मुले ते तक्रारीत मोजतही नाहीत. विम्याची एक मेख बहुतेकांना अपघातानंतरच कळते. गाडी खासगी म्हणून नोंदलेली असते आणि काम व्यवसायाचे चाललेले असते. अपघात झाला की विमा कंपनी नेमक्या याच मुद्द्यावर हरकत घेऊ शकते.

या साऱ्याला उपाय काय? काहींच्या मनात लगेच मोर्चा, घेराव, काचफोड येईल. तो मार्ग या देशातील लाल बावट्याने बराच काळ चालवून पाहिला. त्यात कारखाने बंद पडले आणि कामगार रस्त्यावर आला, हे मुंबईच्या गिरणगावाने पाहिले आहे. दुसरा मार्गही याच महाराष्ट्रात आणि त्याहून कितीतरी आधी आखला गेला.

२३ सप्टेंबर १८८४. मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरली. पुढारी होते 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे. त्या वर्षी कारखान्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे त्यांनी एक निवेदन ठेवले, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या मोजक्या होत्या. रविवारची सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा असावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत व्हावा. कामावर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, आणि तो कायमचा अधू झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. शेवटच्या दोन मागण्या नीट पाहाव्यात. पगाराची तारीख आणि जखमेची भरपाई! कारंज्याच्या किंवा रिसोडच्या पार्सल केंद्रावरील मुलाला आज विचारले तर तो हेच दोन प्रश्न मांडील. मधली एकशे चाळीस वर्षे गेली कोठे, असे वाटून जाते.

लोखंड्यांनी कोणाला शिवीगाळ केली नाही. हजारो माणसांच्या तोंडी असलेले गाऱ्हाणे त्यांनी कागदावर आणले, त्याची कलमे पाडली, खाली सह्या घेतल्या आणि ज्याच्याकडे ते जायला हवे होते त्याच्याकडे दिले. रविवारची सुटी १० जून १८९० रोजी मान्य झाली, म्हणजे निवेदनानंतर सहा वर्षांनी. ज्यांच्या घरी आज रविवारी निवांत नाश्ता होतो, त्यांतील किती जणांना हे नाव ठाऊक आहे? टपाल खात्याने २००५ मध्ये लोखंड्यांचे तिकीट काढले, हे त्यातल्या त्यात बरे.

दुसरे उदाहरण १९६९ चे. माथाडी, हमाल हे व्यापाऱ्याचा माल उचलत, पण व्यापारी म्हणे, "हे टोळीवाल्याचे, आमचे नव्हेत." अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेने हा प्रश्न लावून धरला आणि महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्यात मालक कोण, हा वाद एका बाजूला ठेवून मंडळ स्थापन झाले. मालकाची नोंद मंडळाकडे, कामगाराची नोंद मंडळाकडे. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची आणि तेथून ती कामगाराला मिळायची. ही रचना महाराष्ट्राने उभी केली. पुढे तिच्यात गैरप्रकारही शिरले, हे नाकारता येत नाही. परंतु ज्याचा मालक ठरत नाही अशा माणसाला संरक्षण देता येते, हे तिने दाखवून दिले. पार्सल वाटपासाठी अशा मंडळाचा विचार का होऊ नये?

श्रद्धेय दत्तोपंत ठेंगडी याच विदर्भातले, वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे. २३ जुलै १९५५ रोजी त्यांनी भोपाळला भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. श्रमिकाला वर्गशत्रुत्व शिकविण्याऐवजी त्याला राष्ट्राच्या कुटुंबातील घटक मानणे, हा त्यांच्या मांडणीचा पाया होता. कुटुंबात एखाद्याच्या ताटात कमी पडले तर ते बोलून दाखविणे याला कोणी भांडण म्हणत नाही. आपुलकीचे सरकार असले तरी उणीव दाखविण्याचे काम मजदूर संघाने सोडले नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. नव्या श्रमसंहितांपैकी वेतन व सामाजिक सुरक्षा या दोन संहितांचे संघाने स्वागत केले आणि इतर दोहोंतील काही तरतुदींवर उघड आक्षेप नोंदविले.

या चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग कामगार' आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' यांना प्रथमच कायद्यात जागा दिली आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के इतके अंशदान त्यांच्यासाठी द्यावे, असे ठरविले; कामगारांना दिल्या जाणाऱ्या रकमेच्या पाच टक्के ही त्याची कमाल मर्यादा. नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात अशा कामगारांची संख्या २०२०-२१ साठी ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होईल असे म्हटले होते. वेतन संहितेत तर याहून थेट तरतुदी आहेत. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत व्हावा. वेतनचिठ्ठी द्यावी. कपात निम्म्यापेक्षा अधिक नसावी. थकबाकीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता यावा. आणि दावा दाखल झाल्यावर पैसे दिल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी मालकाची असावी.

पण मेख पुढेच आहे. हे सारे 'कर्मचारी' असेल त्याला. कंपनी म्हणेल, हा आमचा कर्मचारी नव्हे, भागीदार आहे. मग तो कंत्राटदाराचा कर्मचारी की गिग कामगार? याचे उत्तर करारातील शब्दांत नसते, ते रोजच्या व्यवहारात असते. हजर राहण्याची वेळ कोण ठरवितो, सुटी कोणाला मागावी लागते, मार्ग कोण आखतो, दंड कोण लावतो, कामावरून कोण काढतो, यावरून ते ठरते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबर चालकांच्या प्रकरणात हाच मार्ग धरला. कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा प्रत्यक्ष ताबा कोणाचा, हे त्याने पाहिले आणि चालकांना कामगाराचे हक्क दिले. त्याच महिन्यात अमेरिकेत चालकांना मिळालेली बक्षिसी त्यांना पूर्ण न दिल्याच्या प्रकरणात ६ कोटी १७ लाख डॉलर द्यायला अ‍ॅमेझॉनने मान्यता दिली. आपल्याकडे डिसेंबर २०२५ मध्ये डिलिव्हरी कामगारांनी देशभर संप केला आणि जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्र्यांच्या सूचनेनंतर 'दहा मिनिटांत घरपोच' ही जाहिरात मागे घेतली गेली. दहा मिनिटांचा तो शहरी हव्यास वाशिमपर्यंत पोहोचलेला नव्हता, हे आपले भाग्यच म्हणायचे.

म्हणून कार्यकर्त्याने करायचे काम साधे आहे आणि चिकाटीचे आहे. एक वही. रोज रात्री पाच मिनिटे. तारीख, केंद्रावर पोहोचल्याची वेळ, घेतलेली पार्सले, वाटलेली पार्सले, परत आलेली पार्सले, गाडीचे सुरुवातीचे आणि शेवटचे किलोमीटर, पेट्रोल, भरलेली रोख रक्कम, कापलेले पैसे आणि कापण्याचे सांगितलेले कारण. कोणी सांगितले, तेही. अ‍ॅपवरील त्या दिवसाच्या गोषवाऱ्याचा स्क्रीनशॉट घेऊन तो घरातील दुसऱ्या कोणाच्या मोबाईलवर लगेच पाठवावा. आयडी बंद झाला तरी तो उरतो. मूळ मोबाईल विकू नये, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात अशा नोंदींबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते आणि नोंद कोठून आली हे सांगावे लागते.

लिहिताना विशेषणे टाळावीत. 'फार अन्याय झाला' या वाक्याला कार्यालयात किंमत नाही. 'अमुक तारखेला अमुक रुपये कापले, कारण विचारले, उत्तर मिळाले नाही' या वाक्याला आहे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच नोंदवावी. पार्सलावरील ग्राहकाचे नाव, पत्ता, फोन यांचे छायाचित्र काढून ठेवू नये. पार्सलाचा क्रमांक पुरे. मुलाचे नाव त्याच्या संमतीशिवाय कोठेही बाहेर जाऊ नये, वृत्तपत्रात तर नाहीच. घाईने छापलेल्या एका बातमीपायी एखाद्या मुलाचा आयडी बंद झाला, तर बाकीचे नऊ जण पुन्हा तोंड उघडणार नाहीत.

अपघात झाल्यास त्याच दिवशी दवाखान्याच्या कागदावर 'कामावर असताना' असे लिहून घ्यावे आणि पोलिसांत नोंद करावी. किरकोळ म्हणून सोडलेली नोंद पुढे दाव्यात नडते. मोटार अपघात दाव्याला २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ता लागला नाही, तरी मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपयांची सरकारी योजना आहे. २०२५ पासून अपघातग्रस्ताला दीड लाखापर्यंतचे उपचार पहिले सात दिवस रोख पैशाविना मिळण्याची तरतूद झाली आहे. कुत्रा चावल्यास सरकारी दवाखान्यात लस घेऊन चिठ्ठी जपून ठेवावी. आणि वर्षाला वीस रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा, तो प्रत्येक मुलाचा काढलेला आहे ना, हे तर कार्यकर्त्याने एका संध्याकाळी बँकेची पासबुके पाहूनच तपासता येईल. ई-श्रमची नोंदणीही त्याच बैठकीत होते.

घरोघरच्या भगिनींनाही यात वाटा आहे. परतीचे पार्सल देताना ते त्या मुलासमोर उघडून दाखवावे आणि वस्तू आत असल्याचा फोटो त्याला काढू द्यावा. वसुलीची निम्मी भांडणे येथेच मिटतात. "घरी नाही, उद्या या" हा निरोप तो वीस किलोमीटर आल्यावर देण्याऐवजी सकाळी द्यावा. तक्रार मालाची असेल तर तारे कमी देऊन ती मुलावर काढू नये, कारण त्या ताऱ्यांचा फटका त्याच्या कामाला बसतो. उन्हाळ्यात पाण्याचा तांब्या तर आपल्या घरांत सांगावा लागत नाही.

तीन महिन्यांच्या वह्या जमल्या की केंद्रनिहाय गोषवारा काढावा. तो प्रथम स्थानिक कंत्राटदारासमोर ठेवावा आणि त्याचे म्हणणे त्याच कागदावर लिहून घ्यावे. मग कंपनीला पोच मिळेल अशा टपालाने पाठवावा आणि त्यानंतर सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे द्यावा. प्रत्येक वेळी आवक शिक्का असलेली प्रत आपल्याजवळ राहिली पाहिजे. वकिलाची फी हा प्रश्न पुढे येईल. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याच्या बाराव्या कलमानुसार अनुसूचित जाती-जमातींना, महिलांना, औद्योगिक कामगारांना आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतील सर्वांना मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो. अर्जासोबत काय जोडायचे, तर तीच वही.